तिसऱ्या मजल्यावर पाणी आलं होतं

आपा, आज पाण्याचा दिवस होता. सहाच्या आधीच जाग आली आणि नळाकडे जायच्या ऐवजी मी फोन हातात घेतला. तुम्ही असतात तर दारातूनच म्हणाला असतात, "पाणी नळाला येतं गं वर्षा, फोनला नाही." दिवसाआड हे वाक्य कानात येतं आणि मग मी खरंच उठून नळ सोडते.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. माझं मन कशात लागत नाही. ऑफिसात बसले की घरी काहीतरी राहिलंय असं वाटतं. घरी आले की जिन्यात तिसऱ्या मजल्यावर पाय अडतात. तुमच्या दाराला तुमच्या लेकीने, नसरीनने, बाहेरून कुलूप लावलंय. शिवणकामाची पाटी मात्र तशीच आहे. ‘ब्लाऊज, फॉल-पिको, अल्टर. दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडणार नाही.’ ती वाचून मी पुढे चढते.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय तुमच्याविषयी दुसरं काही लिहिणं मला खोटं वाटतं. पण ती एकदम सांगता येत नाही, थोडं मागून यावं लागेल.

मी हडपसरला तुमच्याकडे भाड्याने राहायला आले तेव्हा वीस वर्षांची होते. वाशीम जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाहून, लोखंडी पेटी घेऊन. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा तुमच्या दारात चप्पल काढून उभे होते, आत यायला लाजत होते. म्हणाले, "पोरगी साधी आहे जी आमची." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "साधीच हवी. हुशार मुली भांडी घासत नाहीत." बाबांना ते खरंच वाटलं. गाडीत बसेपर्यंत ते मला भांडी घासायला विसरू नकोस म्हणून सांगत होते.

तुमचं मराठी ऐकून मी आठवडाभर बोललेच नाही. इतकं स्वच्छ मराठी आमच्या शाळेत गुरुजीसुद्धा बोलत नसत. मी ‘काहून’ म्हटलं की तुम्ही शिलाई मशीन थांबवून विचारायचात, "काय म्हणालीस?" मी ‘का’ म्हणायचे, मग मशीन सुरू व्हायचं. पुढे तुम्हीच एकदा गिऱ्हाईक बाईला म्हणालात, "काहून उशीर केला?" आणि माझ्याकडे बघून हसलात. त्या दिवसापासून हे घर मला माझं वाटायला लागलं.

मुलाखतीसाठी तुम्ही शिवलेला निळा कुर्ता माझ्याकडे अजून आहे. त्याला उजव्या बाजूला खिसा लावलात. मी म्हटलं, आपा, कुर्त्याला खिसा? "मुलाखतीत हात कुठे ठेवायचे ते तुला कळत नाही. एक तरी आत राहील." नोकरी लागली. चौथ्या मजल्यावरचं घर रिकामं झालं तेव्हा ते मी भाड्याने घेतलं. सामान वर नेताना तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "फार लांब चाललीस." अठरा पायऱ्या होत्या.

नोकरी म्हणजे काय करतेस, हे तुम्ही दर ईदेला नव्याने विचारायचात. मी सांगायचे, कंपनीच्या ॲपवर लोक तक्रारी लिहितात, त्यांना कशी उत्तरं द्यायची याचे नियम आम्ही बनवतो. किती ओळींचं उत्तर, कुठे ‘क्षमस्व’, कुठे नाही, कोणत्या निरोपाला उत्तरच द्यायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "म्हणजे माणसं बोलतात आणि तू मधे शाळा भरवतेस." मी रागावायचे. मला माझ्या कामाचा अभिमान होता. आजही आहे. पण आता त्याला हात लावला की टोचतं.

फोनवर मराठी लिहायला तुम्हाला मी शिकवलं. खालच्या सपकाळ वहिनींनी तेव्हा नुकताच ‘बिल्डिंग पाणी’ नावाचा ग्रुप काढला होता. आपल्या इमारतीत पिण्याच्या पाण्याचा एकच नळ प्रत्येक स्वयंपाकघरात, कॉर्पोरेशनच्या लाइनवरून थेट. दिवसाआड सकाळी सहाला पाणी यायचं आणि मजल्यामजल्याने वर चढायचं. खालच्यांनी भांडी भरून नळ बंद केले तरच चौथ्यापर्यंत पोचायचं. त्याआधी जिन्यातून ओरडाओरड व्हायची. म्हणून ग्रुप. सगळ्यांनी मिळून ॲडमिन तुम्हाला केलं, कारण तुम्ही पहाटे फजरच्या नमाजाला उठलेल्याच असायचात.

तुम्ही टाइप केलेला पहिला शब्द ‘आलं’. मी शेजारी बसून अक्षरं दाखवत होते आणि नळ वाजला. तुम्ही म्हणालात, हेच लिहिते, छोटं आहे. पाच मिनिटं लागली. ग्रुपवर पडलं ‘आलं’. तोवर खालच्या दोन मजल्यांची भांडी भरून झाली होती. तरी दुसऱ्या मजल्यावरच्या राऊतदादांनी तुम्हाला मान देऊन खाली लिहिलं, ‘आलं’. मग सपकाळ वहिनींनी, मग पहिल्या मजल्यावरच्या वैद्य काकांनी. शेवटी मी वर धावत जाऊन नळ पाहिला आणि लिहिलं. कोणी ठरवलं नव्हतं. पण पुढच्या पाण्याला वहिनींनी तळमजल्यावरून सुरुवात केली आणि ‘आलं’ पाण्याबरोबर एकेक मजला वर चढत गेलं. माझं ‘आलं’ पडलं की तुम्ही लिहायचात, ‘भरा’. त्या ‘भरा’नंतर त्या दिवशी ग्रुपवर कोणी काही लिहायचं नाही. हेही कोणी ठरवलं नव्हतं.

अशा किती गोष्टी आपोआप ठरल्या. वैद्य काका रोज सकाळी गुलाबाची चित्रं टाकायचे. तुम्ही एकदा लिहिलंत, ‘काका, फुलं मिळाली. फुलदाणी कधी पाठवताय?’ तेव्हापासून काका फक्त गुरुवारी एकच फूल टाकायला लागले आणि त्याखाली ‘फुलदाणीसह’ असं लिहायला लागले. वाद लांबला की कोणीतरी ‘बरं’ लिहायचं. ‘बरं’चा अर्थ पटलं असा नव्हता, आता पुरे असा होता. नवीन भाडेकरूला हे कुठून कळणार? पण चार दिवसांत कळायचं.

राऊतदादांचे वडील अमरावतीला वारले, तेव्हा ग्रुपवर भराभर जोडलेले हात आले. मीही टाकले. एक, दोन, सहा जोडलेले हात आणि एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, कुठूनतरी उचललेली. तुम्ही लिहिलंत, ‘हात जोडायचे असतील तर दुसऱ्या मजल्यावर या. दार उघडं आहे.’ आम्ही सगळे चपला घालून निघालो. राऊतदादा दारात होते, फोन हातात. ते नंतर मला म्हणाले, "ताई, फोन पाहून काहीच वाटत नव्हतं जी. तुमच्या चपलांचा आवाज आला अन् रडू आलं."

आणि काकांचं. ते तर मला रोज आठवतं. एका सकाळी वहिनींचं ‘आलं’ पडलं आणि थेट राऊतदादांचं. मधल्या पहिल्या मजल्याचं नाही. आम्हा कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. तुम्ही लिहिलंत, ‘पाणी मधला मजला उडी मारून वर आलं का?’ उत्तराची वाट न बघता दोन जिने उतरून गेलात. बेल वाजवलीत, मग दार वाजवलंत, मग राऊतदादांना हाक मारून कुलूप तोडायला लावलंत. काका न्हाणीघरात पडलेले होते. पाय मोडला होता, तोंड पांढरं पडलं होतं. दवाखान्यातून आल्यावर त्यांचं पहिलं लिहिणं ‘आलं. मीही आहे.’ पुढे कित्येक महिने ते तेवढंच लिहीत.

हे सगळं मी पाहिलं होतं, आपा. हे पाहूनही मी तो नियम केला.

गेल्या वर्षी माझ्या कामाची वेळ बदलली. घरी यायला मध्यरात्र व्हायची. सकाळी सहाला फोन पाच-सहा वेळा वाजायचा आणि मी चिडून उठायचे. गावी शाळेत मी कायम वर्गप्रमुख असायचे. मला नीटनेटकं करण्याची खोड आहे, आणि नोकरीने तिला पगार दिला. या मार्चमध्ये मी एका रविवारी बसून ग्रुपसाठी नऊ नियम लिहिले. चौथा असा: ‘पाणी आल्याचे तळमजल्यावरून एकदाच कळवावे. इतरांनी पुन्हा “आलं” लिहू नये. हवे असल्यास अंगठा द्यावा.’ सहावा: ‘भांडी भरल्यावर नळ त्वरित बंद करावा.’ ते मी तुम्हाला आधी दाखवायला आणले. तुम्ही काजं करत होतात. पूर्ण वाचलंत.

"शाळा काढलीस?"

"आपा, एकाने लिहिलं की सगळ्यांना कळतं. मग पाच जणांनी तेच कशाला लिहायचं?"

"पाच जणांनी तेच लिहिलं असं तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे? ‘आलं’च लिहितात ना सगळे?"

"हे ‘आलं’ पाण्यासाठी आहे, असं तुला कोणी सांगितलं?"

मी हसले. मला वाटलं, तुमची नेहमीची तिरकी चाल. म्हटलं, "मग कशासाठी आहे?"

"तू शिकलेली. विचार कर आणि सांग." सुई दातात धरून तुम्ही म्हणालात. "घाई नाही."

मग फोन घेऊन मला ॲडमिन केलंत आणि माझ्या नियमांखाली लिहिलंत, ‘बरं’. सगळ्यांना कळलं, मी सोडून. मला वाटलं, मी जिंकले.

दोन दिवसांनी पाणी आलं. तळमजल्यावरून एकच ‘आलं’, खाली दोन अंगठे, माझा तिसरा. तुमचा नाही. ग्रुप कसा स्वच्छ झाला, असं मनात आलंच होतं, तेवढ्यात मला एकटीला तुमचा निरोप आला. ‘ग्रुपवर बंदी आहे. म्हणून तुला लिहिते. आलं.’

मी हसण्याचं चित्र पाठवलं. पुढच्या पाण्याला परत, फक्त ‘आलं’. त्याच्या पुढच्या पाण्याला परत. मला वाटलं, म्हातारी हट्टाला पेटली आहे, मला चिडवते आहे. आमच्या कामात एक नियम असतो. ज्या निरोपातून काही मागणी नाही त्याला उत्तर देऊ नये, नाहीतर संभाषण वाढतं. मी उत्तर देणं बंद केलं. तुम्ही लिहिणं बंद केलं नाहीत. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत, दिवसाआड, सहा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी. एका ओळीखाली एक, ‘आलं’, ‘आलं’, ‘आलं’. एकदा ताप होता तेव्हा दोन तास उशिरा लिहिलंत. मी तेव्हाही विचारलं नाही, का उशीर.

आता ती सकाळ. गुरुवार होता. वहिनींचं ‘आलं’ पडलं, काकांचं फुलदाणीसह फूल पडलं. माझ्या नळाला नुसती करंगळीएवढी धार. हंडा अर्धासुद्धा भरेना. मला नऊची मीटिंग होती. कोणीतरी खाली नळ सोडून ठेवलाय, हे उघड होतं. मी ग्रुपवर लिहिलं, ‘नियम ६ ची आठवण: भांडी भरल्यावर नळ बंद करावा. वरच्या मजल्यांचाही विचार व्हावा. कृपया.’ खाली तीन अंगठे आले.

मग माझ्या लक्षात आलं, तुमचं ‘आलं’ आज आलं नाही. आणि आपा, मला काय वाटलं ते मी लिहिते, कारण ते कोणालाच सांगितलेलं नाही. मला वाटलं, नळ तुमचाच असणार, माझा निरोप तुम्हाला लागला असणार, आणि तुम्ही रुसलात. मला थोडं बरंही वाटलं, सुटले एकदाची म्हणून. साडेआठला तुमच्या दारावरून खाली उतरले. पाऊल हळू टाकलं. तुम्ही दार उघडू नये म्हणून.

अकराला एक बाई ब्लाऊज न्यायला आल्या. बेल वाजवून थकल्या आणि खाली वहिनींना म्हणाल्या, "अहो, दोन ते चार नाही ना वाजले? मग उघडत का नाहीत?" तुमची दुसरी किल्ली काकांकडे होती. वहिनींचा मला फोन आला तेव्हा त्या मोठ्याने श्वास घेत होत्या. "वर्षा, तू ये. आधी ये, मग विचार."

तुम्ही स्वयंपाकघरात होतात. ओटा आणि दाराच्या मधे. नळाखाली कळशी काठोकाठ भरलेली, फरशी ओली, पाणी मोरीकडे वाहून गेलेलं. पाण्याची वेळ कधीच संपली होती. नळ कोरडा होता आणि उघडा होता. वहिनींनी तो बंद केला. म्हणाल्या, "नळ उघडाच राहिला होता गं." एवढंच. काका दारात काठीवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे पाहिलं.

म्हणजे तिसऱ्या मजल्यावर पाणी आलं होतं. तुम्ही कळशी लावली होती. फोन ओट्यावर डब्यांशेजारी होता, चष्मा त्याच्यावर. लिहिणार होतात.

जुनी रीत असती, तर राऊतदादांनंतर तुमचं ‘आलं’ पडलं नसतं आणि मधे भोक पडलं असतं. सव्वासहाला कोणीतरी विचारलं असतं. कोणीतरी जिना चढलं असतं. नळ उघडा आहे हे मला तर वरून दिसत होतं, आपा. माझ्या हंड्यात दिसत होतं. मी नियमाचा नंबर लिहिला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, लगेच झालं असेल. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘असेल’ म्हणाले.

ग्रुपवर काकांनी लिहिलं, ‘आपा गेल्या. दार उघडं आहे.’ त्याखाली कोणी हात जोडले नाहीत, कोणी श्रद्धांजली चिकटवली नाही. सगळे वर आले. येरवड्याहून नसरीन आली, तिच्या सासरच्या बायका आल्या. तुम्हाला अंघोळ घालायला पाणी हवं होतं. टाकीत बोअरचं होतं. काका म्हणाले, "बोअरचं नको. त्यांना बोअरचं चालत नसे." आणि काठी टेकत खाली गेले. परत आले तेव्हा त्यांच्यामागून राऊतदादा काकांची पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन येत होते. मग वहिनी आपली घागर घेऊन आल्या. राऊतदादांची दोन भांडी आली. माझ्याकडे त्या सकाळचा अर्धा हंडा होता. तोही आणला. दुसऱ्या पाण्याला अजून दीड दिवस होता, पण कोणी भांड्यात मागे काही ठेवलं नाही. आपा, त्या संध्याकाळी पाणी पहिल्यांदाच सगळ्या मजल्यांवरून तुमच्याकडे आलं. तुम्हाला नेल्यावर आम्ही बायका तुमच्या खोलीत बसून राहिलो. मशीनवर कोणाचा तरी अर्धा ब्लाऊज होता.

घरी येऊन मी ग्रुप उघडला. माझा ‘नियम ६’चा निरोप तिथेच. पुसला असता तरी पुसल्याची खूण तिथेच राहिली असती. खाली तीन अंगठे होते ना? दोनच राहिले होते. काकांनी आपला काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी एकही नव्हता. कोणी मला काही बोललं नाही. त्यांनी मला वाचवलं की मला एकटीला सोडलं, हे मला कळत नाही. मी तो निरोप उघडून बघत बसते. तुम्ही असतात तर सांगितलं असतंत. ही असली खूण वाचायला मला अजून येत नाही.

पुढच्या पाण्याला, कोणी न सांगता, वहिनींनी ‘आलं’ लिहिलं. मग काकांनी. मग राऊतदादांनी. मग थांबले सगळे. मी फोन हातात घेऊन उभी होते आणि नळ पूर्ण जोरात वाहत होता, कारण तिसऱ्यावर कोणी सोडलाच नव्हता. पाणी तुमच्या मजल्यावर जेवढा वेळ घ्यायचं तेवढा वेळ जाऊ दिला आणि मग लिहिलं. त्यानंतर ‘भरा’ कोणी लिहिलं नाही. काका काहीतरी लिहीत आहेत असं वर दिसत होतं. ते थांबलं. पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. चौथा नियम मी अजून औपचारिकपणे मागे घेतलेला नाही. कोणाला त्याची गरज पडलेली नाही.

दहाव्या दिवशी नसरीन कपडे आवरायला आली. मी मदतीला गेले. तुमचा फोन तिच्या हातात होता. ती चाळत चाळत थांबली.

"ताई, ही काय भानगड आहे? अम्मी तुला रोज आलं, आलं लिहायची? आणि तू एकालाही उत्तर दिलं नाहीस?"

मी तिला सगळं सांगितलं. नियम, नळ, तो निरोप, हळू टाकलेलं पाऊल. तिने ओढण्यांच्या घड्या घालणं थांबवलं नाही. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल, आणि मी त्यासाठी तयार होते. खरं तर वाटच पाहत होते.

"डॉक्टर म्हणाले लगेच झालं असेल," मी म्हटलं.

"असेल म्हणाले."

"हो."

शेवटची ओढणी ट्रंकेत ठेवत म्हणाली, "मी रविवारी फोन करायचे. फक्त रविवारी. अम्मी म्हणायची, मधे कशाला करतेस, मला माणसं आहेत." तिने ट्रंकेचं झाकण लावलं. "मला माहीत नाही ताई. तुला काय सांगू, मला खरंच माहीत नाही."

तिने मला माफ केलं असं मी लिहू शकत नाही. तिने जाताना तुमची काजाची कात्री मला दिली, आणि तुमचा फोन बंद केला नाही. स्वतःकडे ठेवला. त्याच फोनवरून तिने ग्रुपवर विचारलं, ‘अम्मीचा नंबर काढताय का?’ राऊतदादांनी लिहिलं, ‘राहू द्या जी.’ मग काकांनी लिहिलं, ‘बरं.’ ते ‘बरं’ मात्र मला कळलं.

आणि परवा काय झालं ते ऐका. मला ताप भरला होता. पाण्याच्या दिवशी नळ सोडला आणि तशीच पलंगावर पडले, डोळा लागला. दाराची बेल, मग दारावर थापा. उघडलं तर राऊतदादा, मागे वहिनी हाताला लागलेल्या पोळ्यांच्या पिठासकट, आणि अर्ध्या जिन्यात काका, मोडलेला पाय एकेक पायरी वर घेत.

"जिवंत आहेस ना?" वहिनी ओरडल्या. "मग लिहायला काय होतं गं?"

काका खालूनच म्हणाले, "अहो, नियम चार पाळत असेल ती. आपण अंगठे द्यायला आलोय."

मी दारातच रडायला लागले. वहिनींनी पिठाच्या हाताने कपाळ पाहिलं आणि मला आत ढकललं. राऊतदादांनी नळ बंद केला. हंडा वाहत होता. काका धापा टाकत खुर्चीत बसले. मी त्यांना विचारूनच टाकलं, "काका, तुम्ही तो अंगठा का काढलात?"

"चुकून लागला होता," ते म्हणाले. मग काठी दोन्ही हातांत धरून बसले. "मीही तिसऱ्या मजल्यावर विचारलं नाही त्या दिवशी. मी फूल टाकत होतो."

तुमचा प्रश्न मार्चपासून माझ्याकडे पडून आहे, आपा. ‘आलं’ कशासाठी आहे. मला उत्तर आता येतं, माझं दार वाजलं तेव्हा आलं. तुम्ही घाई नाही म्हणाला होतात. पण होती. तुम्ही एकट्या राहत होतात, दिवसाआड मला सांगत होतात की आजही आहे, आणि मी तुमचं सांगणं नियमात बसवून गप्प बसले. हे असंच घडलं आणि ते आता कोणाला पुसता येत नाही. तुम्ही माझ्यासाठी किती केलंत याची यादी मी मनात कितीदा सुरू करते. खिशापर्यंत येते आणि मधेच नळ आठवतो.

ते तिघे खाली गेल्यावर मी तुमचे निरोप उघडले. सगळ्यात खालचं ‘आलं’ त्या मंगळवारचं. मी त्याच्याखाली लिहिलं, ‘भरा, आपा.’ फोन नसरीनकडे आहे हे मला माहीत होतं. तिने वाचलं. काही लिहिलं नाही.

आज सकाळी मी फोन हातात घेऊन बसले होते असं सुरुवातीला लिहिलं, ते यासाठी. खालून तीन ‘आलं’ पडली. मी तिसऱ्या मजल्याइतकं थांबले, मग माझं लिहिलं. आणि फोन वाजला. येरवड्याहून नसरीन. रविवार नव्हता.

"ताई, पाणी आलं का?"

"आलं," मी म्हटलं.

"भर मग," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.